सेकंडहँड टुरिंग गाडी शून्यावर आणताना: धुळे ते तोरणमाळ, एक प्रकरण

धुळ्यात साक्री रोडला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. हे प्रकरण एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं आहे आणि त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. त्यांचं नाव, गाव आणि गाडीची कंपनी लिहिलेली नाही. ज्या डीलरकडून गाडी घेतली त्याचंही नाव दिलेलं नाही. गाडीत जे दोष निघाले ते वापराचे आणि हेळसांडीचे होते. एक दोष मात्र माझ्या हातून राहिला, तो का राहिला हेही यात आहे.

पार्श्वभूमी

गिऱ्हाईक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वय एकेचाळीस. शिंदखेडा तालुक्यात मूळ गाव, राहायला देवपुरात. त्यांना सर म्हणू. पंधरा वर्षं शंभर सीसीची गाडी चालवली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या एका डीलरकडून ४०० सीसी वर्गातली टुरिंग गाडी घेतली. मॉडेल २०१८ चं, एकच सिलिंडर, हवा आणि ऑइलनं थंड होणारं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, पुढं २१ इंची आणि मागं १७ इंची तारांचं चाक. मीटरवर २६,४०० किलोमीटर. किंमत १ लाख १५ हजार.

सरांनी आणखी ४५ हजार वेगळे काढून ठेवले होते. त्यातून काय काय करायचं याची यादी वहीच्या पानावर लिहिलेली होती: पत्र्याचे तीन बॉक्स, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, हँडल उंच करायचे रायझर, विंडस्क्रीन, मोबाईल होल्डर. फॉग लॅम्प आधीच्या मालकानंच बसवलेले होते आणि सरांना ते फार आवडले होते. दत्तजयंतीच्या सुमाराला वहिनींना घेऊन सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायचा, पुढं शहाद्यावरून तोरणमाळला मुक्काम, असा बेत होता. म्हणजे हातात साधारण दोन महिने.

पुण्याहून गाडी ते स्वतःच चालवत घेऊन आले. सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला, अनोळखी गाडीवर, एका दिवसात. चांदवड सोडल्यावर राहुड घाट उतरताना पुढचं चाक ‘ऐकत नाही’ असं त्यांना जाणवलं. हँडल सरळ धरलं तरी गाडी जरा डावीकडं, जरा उजवीकडं, अशी डुलत चालायची. मालेगावला थांबून त्यांनी टायरमध्ये हवा तपासली. हवा बरोबर होती. म्हणून तसेच पुढं आले.

गॅरेजमध्ये काय दिसलं

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडं आली. नवीन आलेली जुनी गाडी मी आधी चालवत नाही. डबल स्टँडवर लावतो, मागं वजन देऊन पुढचं चाक अधांतरी करतो आणि दोन बोटांनी हँडल सावकाश फिरवतो. या गाडीचं हँडल डावीकडून येताना बरोबर मधोमध खटकन अडकलं, जणू खाचेत बसलं. उजवीकडून आणलं, पुन्हा तिथंच. सरांचा हात धरून त्यांनाही ते फिरवायला लावलं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला होता. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे हादरे एकाच जागी बसून बॉलनी रेसमध्ये, म्हणजे ते ज्या वाटीत फिरतात तिच्यात, खळगे पाडलेले असतात. अशा वेळी सरळ रस्त्यावर चालवणाऱ्याला बारीकशी दुरुस्तीही करता येत नाही, हँडल खाचेतून निघतं ते एकदम जास्तच निघतं. राहुड घाटातलं डुलणं ते हेच.

मग टायर. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या टायरवर २४१८, म्हणजे २०१८ सालचा चोविसावा आठवडा. गाडीसोबत आलेलाच टायर. नक्षी अजून दिसत होती, म्हणून डीलरनं ‘टायर सत्तर टक्के’ असं सांगितलं होतं. पण नख रुतवून पाहिलं तर रबर दगडासारखं, आणि नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा. मागच्यावर ११२१.

चेन मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, मधोमध धरून ओढली, तर दाताचा अर्धा भाग उघडा पडत होता. दात एका बाजूला वाकून शार्कच्या परासारखे झालेले. पुढच्या उजव्या शॉकपचं सील पाझरत होतं. डिस्क ऑइल चहाच्या रंगाचं. नवं ऑइल जवळपास पिवळसर पाण्यासारखं असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदलायचंच असतं. तारांवर पान्यानं हलकं वाजवत गेलो तेव्हा मागच्या चाकाच्या तीन तारा ‘टण’ ऐवजी ‘थप’ वाजल्या, म्हणजे सैल.

२६ हजार किलोमीटरच्या गाडीचं हे रूप नसतं. फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालं होतं आणि डिस्कच्या काठाला नखाला लागेल अशी कडा आलेली होती. सरांना म्हटलं, चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि जुन्या नोंदी मागा. त्यांनी काढून आणल्या. जुलै २०२१ च्या नोंदीत किलोमीटर होते ३३,१५०.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी डीलरला फोन लावला. ‘मीटर बदललेलं असेल, आम्हाला जशी मिळाली तशी दिली’ एवढंच उत्तर मिळालं. पावतीवर किलोमीटर लिहिलेले नव्हते, त्यामुळं भांडायला हातात कागद नव्हता.

कागदपत्रांची बाजू

डीलरनं सह्या केलेले टीटी फॉर्म, म्हणजे २९ आणि ३० नंबरचे, दिले होते. पण आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र लागतं, शिवाय गाडी एमएच १२ मधून एमएच १८ ला आणायची म्हणजे फॉर्म २८ वर पुणे आरटीओची एनओसी. कर्ज फिटलेलं होतं, पण बँकेचं पत्र आणायला आधीचा मालक हवा आणि तो आता दुसऱ्या राज्यात. यात सात आठवडे गेले. शिवाय जुनी ई-चलनं निघाली, ३,५०० रुपयांची. ती परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून व्यवहाराआधीच दिसली असती.

विम्याचं मात्र वेळेत लक्षात आलं. गाडी विकली की तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडं आपोआप जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही, त्यासाठी कंपनीकडं नावाची बदली करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मध्ये त्यासाठी १४ दिवस दिलेले आहेत. सरांनी बाराव्या दिवशी अर्ज दिला. गाडी घेतल्या दिवशी पेढे वाटणारे खूप असतात, हा अर्ज करणारे माझ्या पाहण्यात फार थोडे.

समोर असलेले पर्याय

तिसऱ्या दिवशी आम्ही चहा घेऊन बसलो.

पहिला पर्याय सरांच्या यादीचा. बॉक्स, सायलेन्सर, रायझर आत्ता बसवायचे, कोनसेट आणि टायर बदलायचे, बाकी हळूहळू. त्यांचं म्हणणं असं, की फिरायला जायचंय ते डिसेंबरात, सामान तर न्यावंच लागेल. दुसरा पर्याय गाडी सर्व्हिस सेंटरला देऊन सगळं एकदम करून घ्यायचा. त्यांनी अंदाज दिला ३८ हजारांचा. काम चोख झालं असतं, पण हातात उरले असते सात हजार, आणि वहिनींना साध्या सीटवर बसवून, पाठीवर पिशवी देऊन घाट चढवावा लागला असता. गाडी परत करायचा पर्यायही बोलून झाला. आरसी बोजासकट, पैसे पूर्ण दिलेले, पावती अर्धवट. तो तिथंच सोडला.

मी सरांना माझी रीत सांगितली. जुन्या गाडीतल्या प्रत्येक गोष्टीला मी एकच विचारतो: ही बिघडली तर पाडेल, अडवेल की नुसती थकवेल? पाडणारं आधी, अडवणारं नंतर, थकवणारं शेवटी. हौसेला या तिन्हींच्या मागची जागा. कोनसेट, टायर, ब्रेक, शॉकप पाडणारे. चेन, बॅटरी, केबल, पेट्रोलचा पाइप अडवणारे. सीट, काच, सामान बांधायची सोय थकवणाऱ्यात. आणि ज्या दिवशी हे पूर्ण होईल तो दिवस गाडीचा शून्य दिवस धरायचा. मीटरवर विश्वास नाहीच, तर आपल्या वहीवर ठेवायचा.

सायलेन्सरवर वाद झाला. सरांना आवाज हवा होता. मी दोन गोष्टी सांगितल्या. कंपनीनं जशी नोंदवली तशीच गाडी ठेवावी लागते, हे कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठाम केलं आणि कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. दुसरी गोष्ट इंजिनाची. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपावर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. मोकळा सायलेन्सर लावून बाकी काही न बदलता मे महिन्यात धुळ्याच्या ४४ अंशांत चालवली, तर हवेवर थंड होणारं इंजिन तापायला कारण मिळतं. सर शिक्षक आहेत. ‘पोरांना हेल्मेटचं सांगतो आणि मी असा जाऊ?’ असं स्वतःच म्हणाले आणि यादीतली ती ओळ खोडली.

फॉग लॅम्पचं काय, हेही तेव्हाच विचारलं होतं. मी बटन दाबून पाहिलं, दोन्ही लागले. ‘चालू आहेत, राहू द्या, हौसेची वस्तू आहे’ असं मीच म्हणालो.

काम

कोनसेट बदलताना बॉलऐवजी टेपर रोलरचा घातला. बॉल एका टिंबावर टेकतो, रोलर अख्ख्या रेषेवर, त्यामुळं हादरा वाटला जातो. त्यासाठी हँडल, मीटर, हेडलाइट, वायरिंग सगळं बाजूला करून वरची टी, म्हणजे हँडल आणि शॉकप धरून ठेवणारी पट्टी, काढावी लागते. नट आवळायचं काम घाईचं नव्हे. सैल राहिला तर ब्रेक मारताना टकटक, घट्ट झाला तर पुन्हा तेच डुलणं. चाक अधांतरी असताना हँडल मधून जरा ढकललं की ते स्वतःच्या वजनानं कडेला पडलं पाहिजे, पण आदळलं नाही पाहिजे. तसं होईपर्यंत तीन वेळा उघडून आवळलं.

दोन्ही टायर ट्यूबसह नवे. तारांचं रिम म्हणजे ट्यूब आलीच, आणि ट्यूब म्हणजे आडरानात पंक्चर झालं तर चाक खोलणं आलं. म्हणून एका रविवारी सरांना गॅरेजमध्येच मागचं चाक काढून, पत्तीनं (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीनं) टायर उतरवून, ट्यूब बदलून परत बसवायला लावलं. पहिल्यांदा सव्वा तास लागला आणि पत्तीखाली चिमटून नवी ट्यूब फाटली. दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं. फाटलेल्या ट्यूबचे पैसे मी घेतले नाहीत, ती शिकवणीची फी धरली.

बॅटरी उभ्या गाडीत १२.४ व्होल्ट दाखवायची, पण सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायची. बदलली. चार्जिंग १४.१, ठीक. चेन सेट तिन्ही नगांसकट, कारण जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली की ती जुन्याच्या मापानं झिजते. सरांना सवय लावली ती अशी: दर पाचशे किलोमीटरला, गाडी फिरून आल्यावर चेन कोमट असतानाच रॉकेलनं पुसायची, पेट्रोल लावायचं नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही, नाहीतर कड्यांतल्या बारीक रबरी रिंगा जातात. मग चेन ल्युब, रात्रभर मुरू द्यायचं.

सीटचं ठरलं ते वहिनींमुळं. मी सरांना विचारलं, ‘मागं कोण बसणार? त्यांना विचारलं का?’ नव्हतं विचारलं. मग दोघं सोनगीरपर्यंत जाऊन आले. वहिनी उतरल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, ब्रेक मारला की मी पुढं घसरते, आणि यांना धरून धरून मनगट भरून येतं.’ सीटच्या मागच्या भागाचा उतार पुढं होता. धुळ्यातल्याच सीटवाल्याकडून मागं एक इंच कडक फोम चढवला, वरचं कव्हर खरबरीत घेतलं. खर्च अठराशे. या गाडीवर केलेल्या सगळ्या बदलांत सर्वांत जास्त उपयोगाचा मला हाच वाटतो. रायझरची गरज मग उरलीच नाही, कारण सरांचे हात हँडलवर नीट पोचत होते आणि ओढ होती ती मागच्या घसरण्याची.

मोबाईल होल्डर कंपन शोषणारा घेतला. एका सिलिंडरचं इंजिन हँडलला सतत कंप देतं आणि त्यानं फोनच्या कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये दिलेला आहे.

टॉप बॉक्स आणि परत आलेली थरथर

सरांनी मला न विचारता एक टॉप बॉक्स आणला, साडेचार हजारांचा. कॅरियरवर बसवला, तोरणमाळच्या हिशेबानं भरला आणि लळिंगकडं चक्कर मारली. पाऊण तासात परत. चेहरा उतरलेला. ‘मिस्तरी, पंचाहत्तरच्या वर हँडल थरथरतंय. कोनसेट परत गेला.’

इथं चूक करायला वाव होता. नवा कोनसेट उघडून पुन्हा आवळणं सोपं होतं, आणि गिऱ्हाइकाची तीच मागणी होती. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हा माझा शिरस्ता. बॉक्स उतरवला, त्याच रस्त्यावर मी स्वतः नेली. ऐंशीला गाडी रुळावर असल्यासारखी. बॉक्स रिकामा लावून नेली, ठीक. भरून नेली, थरथर. म्हणजे दोष वजनाच्या जागेचा. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागं लटकतो, आणि उंचावर. मागं दाबलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक डोलायला लागतं.

बॉक्समध्ये किती वजन होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. सरांचे वडील गावाहून कापूस मोजायचा ताणकाटा घेऊन आले. बॉक्स सामानासकट भरला चौदा किलो. पत्र्याच्या बॉक्सचा बेत तिथंच संपला, कारण तसे बॉक्स रिकामेच जड. त्याऐवजी कापडी सॅडल बॅगा घेतल्या, सीटच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि आसाच्या पुढं बसतील अशा. ताणकाट्यावर डावी साडेसात किलो, उजवी सात. टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट आणि स्वेटर. मागच्या टायरमध्ये दोघं आणि सामान धरून पुस्तिकेत सांगितलेली हवा. लळिंगला पुन्हा जाऊन आलो. थरथर नाही. बाबांनी काटा गुंडाळता गुंडाळता विचारलं, ‘आते गाडी चांगली शे ना भाऊ?’ मी हो म्हणालो.

तोरणमाळचा घाट

डिसेंबरात शनिवारी सकाळी दोघं निघाले. चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापीकाठी घोडे बघण्यात दुपार गेली, त्यामुळं शहादा सोडायलाच उशीर. म्हसावद, राणीपूर मागं टाकलं तेव्हा अंधार पडत होता. घाट लागला, सरांनी फॉग लॅम्प लावले.

एका डाव्या वळणावर, पहिल्या गिअरमध्ये हँडल पूर्ण वळलेलं असताना, गाडी बंद. इंजिन, दिवे, मीटर, सगळं एकदम. चढावर, वहिनी मागं. सरांनी पुढचा ब्रेक धरला आणि गिअर तसाच ठेवून क्लच सोडला, त्यामुळं मागचं चाक इंजिनानं धरून ठेवलं. वहिनी उतरल्या आणि दगड लावला. मोबाईलला रेंज नव्हती.

फ्यूज उडालेला होता. जवळ चार जादा होते, एक बसवला, गाडी सुरू झाली. पुढचं उजवं वळण नीट गेलं. त्यानंतरच्या डाव्या वळणावर पुन्हा बंद. तिसरा फ्यूज घालण्याआधी सर थांबले. मी काम करताना त्यांना एक गोष्ट सांगितली होती: नवा बिघाड आला की शेवटचा हात कुठं लागला ते आठवा. शेवटचा मोठा हात कोनसेटला. आणि बिघाड फक्त डावीकडं. त्यांनी मोबाईलच्या टॉर्चनं टाकीच्या पुढं, चेसिसच्या मानेपाशी पाहिलं. एक लाल वायर, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, हँडल डावीकडं नेलं की टी आणि चेसिसच्या मधल्या फटीत चेंगरत होती. टेप फाटलेली, आत तांबं चमकत होतं.

ती फॉग लॅम्पची वायर. आधीच्या मालकानं ती इग्निशनच्या लाइनवरून, रिले (जास्त करंट तोलणारा वेगळा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही, नुसती पिळून टेप मारून काढलेली. म्हणून तिथं शॉर्ट झालं की नुसता लॅम्प जाऊन भागत नव्हतं, अख्खी गाडी बंद पडत होती. आणि ती त्या जागी बांधली होती मी. कोनसेटसाठी वायरिंग बाजूला केलं, परत बांधताना ही वायरही एका प्लॅस्टिकच्या टायनं तिथंच अडकवली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं होतं, पण बघत होतो कोनसेटचं फिरणं. वायर कुठं जाते ते पाहिलं नाही.

सरांनी चाकूनं टाय कापला, वायर वर ओढून टेप गुंडाळली, फॉग लॅम्प बंद ठेवले आणि साध्या हेडलाइटवर सावकाश वर गेले. दोन फ्यूज शिल्लक होते. रात्री तोरणमाळला पोचल्यावर दोघांनाही बराच वेळ झोप आली नाही, असं वहिनींनी नंतर सांगितलं. सकाळी यशवंत तलावावर आणि सीताखाईला जाऊन, दिवसाउजेडी खाली उतरून ते रविवारी संध्याकाळी घरी आले.

सोमवारी गाडी माझ्याकडं आली तेव्हा मी सगळा टेप सोलून काढला. असे एकूण पाच जोड निघाले, त्यातला एक हॉर्नच्या वायरवर. सगळे तोडून मूळ वायरिंग जसं होतं तसं केलं. लॅम्पला बॅटरीवरून वेगळी लाइन दिली, बॅटरीपाशीच साडेसात अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले, जोडांना थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि वरून तापवून आवळणारी नळी. वीस वॅटचे दोन लॅम्प मिळून साडेतीन अँपिअरच्या आतच घेतात, तेव्हा हा फ्यूज पुरेसा आहे, आणि उडाला तर फक्त लॅम्पच जातील. या कामाचे पैसे घेतले नाहीत आणि दोघांची माफी मागितली.

हिशेब

पाडणाऱ्या गोष्टींवर १४,७०० गेले: टायर ८,५००, कोनसेट २,१००, शॉकपचं सील आणि ऑइल १,७००, पॅड आणि डिस्क ऑइल २,४००. अडवणाऱ्यांवर ११,३००, त्यात चेन सेट ४,८०० आणि बॅटरी २,३००, बाकी इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, केबली, पेट्रोलचा रबरी पाइप. मजुरी ४,०००. उरलेल्यातून सॅडल बॅगा ५,२००, सीट १,८००, टॉप बॉक्स ४,५००, काच १,६००, मोबाईल होल्डर १,४००. एकूण ४४,५००. चलनं आणि कागदपत्रांचा खर्च वेगळा.

पुन्हा करायचं झालं तर

पैसे देण्याआधी चेसिस नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढायच्या, मगच भाव बोलायचा. ३३ हजार किलोमीटरची नोंद हातात असती तर सरांनी या गाडीला माझ्या अंदाजानं लाखाच्या आतच मोजले असते, किंवा घेतलीच नसती. पावतीवर किलोमीटर, बोजा आणि चलनं यांची ओळ लिहून घ्यायची. बोजा उतरेपर्यंत वीसेक हजार रोखून धरायचे. यातली एकही गोष्ट अवघड नाही, फक्त गाडी समोर उभी असताना सुचत नाही.

पुण्याहून गाडी टेम्पोत टाकून आणायला हवी होती. खर्च चार-पाच हजार वाढला असता, पण भेगाळलेला टायर आणि खाच पडलेला कोनसेट घेऊन राहुड घाट उतरावा लागला नसता.

माझ्या बाजूनं सांगायचं तर मी लॅम्पला हौस म्हणालो तिथंच चुकलो. लॅम्प हौसेचा असेल, पण त्याची वायर गाडीच्या मुख्य लाइनवर बसलेली होती, म्हणजे ती अडवणारी, आणि घाटात अडवणारं पाडणारंही होतं. वस्तू काय आहे यापेक्षा ती कशाला जोडलेली आहे ते बघून वर्गवारी करायला हवी होती. आता माझ्याकडं आलेल्या जुन्या गाडीत कंपनीचा नसलेला टेप दिसला की तो पहिल्या दिवशी सोलला जातो, लॅम्प लागत असो वा नसो. आणि कोनसेटचं काम झालं की सगळे दिवे लावून हँडल दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा पूर्ण फिरवायचं, तेव्हा पोरगा टॉर्च घेऊन फक्त वायरींकडं बघतो.

एका गोष्टीवर माझं आणि सरांचं अजून जुळलेलं नाही. त्यांचं म्हणणं, सहलीची तारीख आधी ठरलेली होती म्हणून काम वेळेत झालं. मला वाटतं, तारखेमुळंच आम्ही भरल्या गाडीनिशी रात्रीची एक चाचणी टाळली. लळिंगच्या सगळ्या फेऱ्या दिवसा आणि सरळ रस्त्यावर झाल्या. एकदा अंधारात, लॅम्प लावून कन्नड घाट चढून आलो असतो तर शॉर्ट आमच्याच समोर झाला असता.

गाडी आता एमएच १८ ची आहे, बोजा उतरला, नवी नंबर प्लेटही लागली. शून्य दिवसापासून सरांच्या वहीत ९,८०० किलोमीटर झालेत. परवा ती मागच्या पॅडसाठी आली होती. क्लच वरच्या गिअरमध्ये जरासा घसरतो आहे, प्लेटा किती उरल्यात ते उघडल्याशिवाय कळणार नाही. उन्हाळ्याआधी उघडायचं ठरलं आहे, आणि तोवर घाटात मागं वहिनी बसणार नाहीत.